बादल्या, वजनकाटा आणि वही : गिरणीतल्या किचनमधला माझा अनुभव

लोअर परळला एका बंद गिरणीच्या शेडमध्ये रेस्टॉरंट आहे, तिथे कॉमी, म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी म्हणून लागले त्याला आता आठ महिने झाले. सहा महिने प्रोबेशन होतं, आणि पहिल्याच दिवशी शेफनी हातात वजनकाटा आणि वही दिली. सर्व्हिस संपली की प्रत्येक सेक्शनचा ओला कचरा तोलायचा, प्रेपमधला, म्हणजे आधीच्या चिराचिरीच्या तयारीतला वेगळा, ताटातून परत आलेला वेगळा, खराब झाला म्हणून टाकलेला वेगळा. रात्री साडेबाराला सगळे क्लोजिंग करून घरी निघतायत आणि आपण बादल्या तोलतोय, पहिले पंधरा दिवस खरंच रडू यायचं.

जागेबद्दल सांगायलाच हवं. विणकामाचं शेड आहे, छत करवतीच्या दातांसारखं आणि काचा सगळ्या उत्तरेकडे, त्यामुळे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही, साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या माणसाला सूत नीट दिसावं म्हणून केलेली सोय. लंचला आम्ही डायनिंगमधले दिवे लावतच नाही. माझे आजोबा दुसऱ्या एका गिरणीत साचेवाले होते, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. नोकरीचं सांगितल्यावर आजी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, भोंगा आहे का गं अजून? भोंगा नाहीये, चिमणी आहे.

दुसऱ्या महिन्यात कंपोस्ट माझ्याकडे आलं. पहिला ड्रम सडला, माश्या झाल्या, शेजारच्या ऑफिसातून तक्रार आली. मी नुसता ओला माल भरत होते. कंपोस्टला एक भाग नायट्रोजनमागे साधारण 25 ते 30 भाग कार्बन लागतो, म्हणून ओल्या मालात वाळका पाला, भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळायचे, आणि वरखाली करून हवा द्यायची. भांडी घासणाऱ्या काकांनी शिकवलं की मूठभर घेऊन दाबायचं, एक-दोन थेंब निघाले की ओल बरोबर. पुढच्या ड्रममध्ये चौथ्या दिवशी थर्मामीटर घातला तर 58 डिग्री, म्हणजे कंपोस्ट नीट होतंय, ढवळताना वाफ येत होती, इतका आनंद झाला की धावत शेफना बोलवायला गेले.

शेफ म्हणाले, छान झालंय, पण ड्रम लवकर भरतोय म्हणजे आपण जास्त विकत घेतोय, आता वही वाच.

तेव्हा पहिल्यांदा वही नीट वाचली. प्रेपमध्ये सगळ्यात जास्त वजन फ्लॉवरचा पाला आणि दांड्यांचं, आणि ताटातून येणारा जवळपास सगळा भातच. मग दांड्यांचं लोणचं घातलं, पाल्याची भाजी स्टाफच्या जेवणात आली, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात गेल्या, भाताची वाटी लहान केली आणि मागितला की परत वाढायचा, वेगळे पैसे नाहीत. भाताबद्दल मॅनेजर घाबरले होते, एकाही गेस्टनी कुरकुर केली नाही. दिवसाचा कचरा 31 किलोवरून 19 वर यायला चार महिने लागले, आणि मधे लग्नसराईत दोन आठवडे परत वर गेला होता.

जूनमध्ये कन्फर्म झाले आणि फिश सेक्शन मिळालं, नेमकी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सध्या सुकट, सुके बोंबील आणि खाडीची कोळंबी एवढंच शिकतेय. वही आता नवीन मुलीकडे आहे. काल ती बादल्यांपाशी रडवेली बसली होती, तिच्याबरोबर बसून सगळ्या तोलल्या, आणि तिला म्हटलं उद्या सकाळी प्रेपच्या आधी ये, मागच्या आठवड्याची पानं दोघी मिळून वाचू.