पाच रकान्यांची वही

गेल्या वर्षी सात महिने मी एक वही लिहीत होते. तिच्या प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले आहेत: तारीख, वेळ, कोणत्या खात्यावरून, काय घडले आणि पुरावा कुठे जपून ठेवला आहे. तिसऱ्या नोंदीत रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटे ही वेळ आहे आणि एका अनोळखी खात्यावरून आलेले एकच वाक्य आहे, ‘आज निळा रंग छान दिसत होता.’ हे वाक्य कोणालाही वाचून दाखवले तर त्यात घाबरण्यासारखे काय आहे, असेच तो विचारेल. त्या दिवशी मी निळे कपडे घातले होते आणि माझे एकही छायाचित्र मी कुठेही टाकलेले नव्हते, हे मात्र मला ठाऊक होते.

कामाच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका माणसाला मी नकार दिला, तेथून हे सुरू झाले. एक खाते बंद केले की दुसरे उघडत असे. कधी माझ्या बहिणीला संदेश जात असे, तर कधी माझ्याच नावाचे आणि छायाचित्राचे खोटे प्रोफाइल दिसत असे. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की काही काळ मलाही आपणच बाऊ करत आहोत असे वाटू लागले. ऑनलाइन पाठलागात एकेक घटना सुटी पाहिली तर क्षुल्लक दिसते आणि छळ असतो तो त्यांच्या मालिकेत. पाठलागाविरुद्धचा अमेरिकेतील पहिला कायदा कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये केला, तेव्हाही त्याचा भर वारंवार मागे लागण्यावर होता. ती मालिका दुसऱ्याला दिसावी यासाठी नोंदींशिवाय माझ्या हातात दुसरे साधन नव्हते.

पहिल्या महिन्यात मात्र मी नेमके उलटे केले. संदेश आला की किळस येऊन तो पुसून टाकायचा आणि खाते लगेच ब्लॉक करायचे, असा माझा क्रम होता. त्यामुळे सुरुवातीचे जवळजवळ सगळे पुरावे मीच नष्ट केले, याचे मला आजही वाईट वाटते. ब्लॉक जरूर करावे, परंतु त्याआधी प्रोफाइलची पूर्ण लिंक उतरवून घ्यावी, कारण दाखवण्यापुरते नाव क्षणात बदलता येते. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसली पाहिजे आणि तो कापून लहान करू नये. शक्य असेल तर प्रोफाइलपासून संदेशापर्यंत जातानाचे स्क्रीन रेकॉर्डिंगही करावे, म्हणजे तो संदेश कोठून आला याबद्दल नंतर वाद राहत नाही. माझ्या बाबतीत या सर्वांची एक प्रत बहिणीकडे असे आणि पुढे पुढे नवीन संदेश आधी तीच वाचत असे. त्यामुळे मला पुन्हा रात्रीची झोप लागू लागली.

उत्तर देण्याबाबत माझे मत आता ठाम आहे. ‘माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधू नका’ असे एकदाच, कारण न देता आणि माफी न मागता लिहावे, त्यानंतर एक अक्षरही लिहू नये. तिसऱ्या महिन्यात माझा संयम सुटला आणि मी रागाने चार ओळी लिहिल्या. पुढच्या दोन दिवसांत वहीत अकरा नोंदी झाल्या. माझा राग हेही त्याला उत्तरच होते.

त्याला माझ्या हालचाली कशा कळतात, हा प्रश्न मला सर्वांत जास्त पोखरत होता. एका रविवारी आम्ही दोघी बहिणी प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे, याची यादी तपासत बसलो. माझे मेलचे खाते एका जुन्या संगणकावर उघडेच राहिले होते. कामाच्या ठिकाणचा तो संगणक अनेकजण वापरत असत आणि माझ्या भेटींच्या वेळा त्यावर सहज दिसत होत्या. आम्ही आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट घेतला, मग सर्व उपकरणांवरून लॉग आउट केले, पासवर्ड बदलले आणि दुहेरी पडताळणी सुरू केली. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला जुना मोबाइल क्रमांकही बदलला, कारण पुष्कळदा खाते तेथूनच हातचे जाते. छायाचित्रे पाठवतानाही मी आता जपते: व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे छायाचित्र पाठवले तर त्यातील स्थानाची माहिती निघून जाते, पण तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर ती आत राहू शकते.

पाळत ठेवणारी व्यक्ती घरातलीच असेल, तर मात्र असा घाईचा बंदोबस्त धोक्याचा ठरू शकतो. फोनमध्ये गुपचूप बसवलेले हेरगिरीचे ॲप काढून टाकले की ते त्या व्यक्तीला लगेच कळू शकते आणि मदतीसाठी त्याच फोनवर केलेला शोधही तिला दिसू शकतो. अशा वेळी दुसऱ्या कोणाचा तरी फोन वापरावा आणि आधी स्वतःच्या सुरक्षिततेची सोय करावी.

निळ्या रंगाचे कोडे पुढे सुटले. एका सहकाऱ्याने टाकलेल्या समूह छायाचित्रात मी मागच्या रांगेत उभी होते. त्याचा काहीच दोष नव्हता, कारण मी लाजेपोटी कोणाला काही सांगितलेच नव्हते. त्या संध्याकाळी मी चौदा जणांना एकच संदेश पाठवला: मला असा त्रास होतो आहे, माझी छायाचित्रे आणि ठावठिकाणा कोठेही देऊ नका, माझ्या नावाने नवे खाते दिसले तर आधी मला फोन करा. तो संदेश पाठवताना माझे हात थरथरत होते, पण चौदाजणांपैकी एकानेही मला उलट प्रश्न विचारला नाही.

याच चौदाजणांतील एकीने नंतर मला स्वतःवर ओढवलेला प्रसंग सांगितला. तिला खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी मिळत होती. अशांसाठी डिसेंबर २०२१ पासून स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा आहे. तीत छायाचित्र आपल्या फोनबाहेर जात नाही. त्यापासून अंकाक्षरांचा एक ठसा तयार होतो आणि केवळ तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तेच छायाचित्र कोणी टाकू लागला तर त्यांना ते ओळखून रोखता येते. ही सेवा प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या छायाचित्रांसाठी २०२३ पासून टेक इट डाउन ही वेगळी सेवा आहे.

मी पहिल्यांदा तक्रार करायला गेले, तेव्हा मला ‘खातेच बंद करून टाका’ असे सांगण्यात आले. माझे काम, माझी माणसे आणि माझे नाव त्या खात्यांवर आहे. त्रास दुसऱ्याने द्यायचा आणि तेथून मी निघून जायचे, हे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. दुसऱ्या खेपेस मी वही, पेन ड्राइव्ह आणि सगळा घटनाक्रम मांडणारे एक पान घेऊन गेले. समोरच्या अधिकारी बाईंनी आधी ते पान वाचले, मग वही उघडली आणि दहाबारा पाने उलटल्यावर त्या थांबल्या. ‘या सगळ्यांची भाषा एकाच माणसाची आहे,’ असे त्या स्वतःहून म्हणाल्या आणि त्यांनी तक्रारीचा अर्ज पुढे ओढला. त्या दिवशी वहीत त्रेसष्ट नोंदी होत्या. त्यानंतर दोन आल्या आणि दोन्ही मी त्याच दिवशी त्यांच्याकडे पोहोचवल्या.