उन्हाळ्याचे कॉटन कुर्ते आणि सीटचं माप : माझा अनुभव

यंदा ठरवलंच होतं की उन्हाळ्याचे कपडे घाईत घ्यायचे नाहीत. दरवर्षी पुण्यात पारा 38-39 ला गेला की मी तुळशीबागेत जाऊन मिळेल तो कुर्ता उचलते आणि मग रेडिमेडचं जे व्हायचं तेच होतं, छातीला बसणारा घेतला तर सीटला, म्हणजे कंबरेखाली सगळ्यात रुंद भागाला, अडकतो, सीटला बसणारा घेतला तर खांदे दंडावर उतरतात. माझे खांदे अरुंद आणि कंबरेखाली मी रुंद आहे, आईची ठेवणही हीच. म्हणून म्हटलं कापड घेऊ आणि शिवून घेऊ.

कापडाचं काम एका दुपारीच झालं. लक्ष्मी रोडला वहिनी आणि भाचीला घेऊन गेले, प्रत्येकीसाठी वेगळं बघितलं. वहिनीचं छाती-पोट भरलेलं आणि पाय बारीक, तिला मऊ कॅम्ब्रिक, उभ्या बारीक रेघा, व्ही गळा, पोटाशी चुण्या अजिबात नाहीत, सरळ खाली पडणारा कुर्ता आणि खाली निमुळती पँट. भाची काडीसारखी सरळ, तिला याच्या उलटं, मोठी फुलं, कंबरेला चुण्या, फुगीर बाही, तिला सगळं खुलतं. मी माझ्यासाठी तीन घेतली, एक मलमल, एक अजरख छापाचं आणि एक साधं गडद निळं, त्याला वर फिकट छापील योक (खांदा-छातीचा वेगळा तुकडा) लावायचा असं डोक्यात होतं. वर फिकट आणि छापील, खाली गडद आणि साधं, गळा बोटनेक, खांद्यापर्यंत आडवा पसरलेला, म्हणजे खांदे रुंद दिसतात आणि खालच्या भागाशी बरोबरी होते. हे मला पक्कं माहीत होतं, त्यात काही चुकलं नाही.

चुकलं ते टेलरकडे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कापडं दिली. घराजवळचंच दुकान, पहिल्यांदाच गेले होते. मी म्हटलं माप घ्या, तर म्हणाले ताई मापाचा ड्रेस द्या, त्यावरून एकदम परफेक्ट शिवतो. मी माझा सगळ्यात चांगला बसणारा ड्रेस दिला. आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवसांनी गेले तर लग्नसराई आहे ताई, सोमवारी या. सोमवारी गेले तर कारागीर गावाला गेलाय. पुढच्या वेळी कापड कापलंय फक्त टिपा मारायच्यात. त्याच्या पुढच्या वेळी दुकानच बंद. फोन केला की "आज संध्याकाळी नक्की", आणि मी भर उन्हात तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवरून जायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. एकूण सात फेऱ्या झाल्या, मी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या म्हणून सांगते. अक्षय्य तृतीया त्यातच गेली, निळा कुर्ता मला त्या दिवशी घालायचा होता.

मे लागल्यावर दोन कुर्ते हातात आले. घरी येऊन निळा घातला तर सीटच्या खाली उतरेचना! ओढून उतरवला तर बाजूच्या कटापाशी इतका ताणला की शिवण दिसायला लागली, मुंढ्यात हात वर होईना. परत गेले तर त्यांनी टेप न लावताच सांगितलं, ताई मापाच्या ड्रेसप्रमाणेच आहे, तुमचं खालचं अंगच जास्त आहे, थोडं वजन वाढलं असेल. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी काही बोलले नाही, घरी येऊन रडले आणि मग टेप काढली.

माझी सीट 42. कुर्ता सीटला 41. आणि मापाचा ड्रेस? तोही 41! पण तो लायक्रा मिक्स कापडाचा होता, ताणला की पुढे येतो, म्हणून मला इतका छान बसायचा. कॉटन ताणत नाही, त्याला अंगाच्या मापापेक्षा सीटला निदान तीन-चार इंच जास्त लागतात, म्हणजे माझा कुर्ता 45-46 चा हवा होता. हे मला माहीत नव्हतं पण ज्याचा हा धंदा आहे त्याने ड्रेस हातात घेतल्या घेतल्या ओळखायला हवं होतं ना. चूक मापाच्या पद्धतीत होती आणि बोल माझ्या अंगाला लावला, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून आता माप द्यायला जाल तेव्हा अंगावरच घ्यायला लावा, आणि सीटचं माप उभं राहून एकदा आणि बसून एकदा. बसल्यावर अंग पसरतं, स्कूटीवर किंवा ऑफिसच्या खुर्चीत दिवस काढायचा असेल तर बसलेलंच माप खरं. मापाचा ड्रेस द्यायचाच असेल तर ज्या कापडाचा शिवायचाय तशाच कापडाचा द्या. आणि आत माया (शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड) किती सोडणार ते आधी विचारा, माझ्या कुर्त्यात पाव इंचसुद्धा नव्हती, उसवून मोठा करायला जागाच नाही. निदान एक इंच माया दोन्ही बाजूंना हवी.

हो आणि कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घालून वाळवून द्यायचं, हे मी विसरले होते. अजरखचा कुर्ता रुंदीला कसाबसा बसला होता तो पहिल्या धुण्यात लांबीला सव्वा इंच आटला, आणि आता नेमका मांडीच्या सगळ्यात रुंद भागावर संपतो. माझ्यासारखं अंग असेल तर कुर्ता तिथे कधीच संपवू नका, एकतर गुडघ्याच्या खाली न्या नाहीतर सीटच्या वरच ठेवा.

निळा शेवटी आमच्या सोसायटीतल्या एक काकू घरी शिवतात त्यांच्याकडे नेला. त्यांनी पहिलं विचारलं उरलेलं कापड आणलंय का? नशिबाने मी तुकडे मागून आणले होते (नेहमी मागा, आपलंच कापड असतं). त्यांनी दोन्ही बाजू मुंढ्यापासून खालपर्यंत उसवून त्यात एकेक लांब कळी घातली, वर निमुळती आणि खाली रुंद. दोन दिवसांत दिला. तो घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा कंबर दिसत होती, खाली कापड सीटवरून मोकळं सुटत होतं, हवा खेळत होती, मी जो कुर्ता डोक्यात धरून कापड घेतलं होतं तो हाच. भाचीने विचारलं असाच शिवला होता का.

अजून एक, अशा कुर्त्यांना कांजी करू नका. कडक कापड सीटपाशी उभं राहतं आणि आहे त्यापेक्षा रुंद दिसतं, वहिनीलाही पोटापाशी तसंच होतं. भाचीला मात्र कडक चांगलं दिसतं. मलमल पांढरं असेल तर आत पांढरी स्लिप नको, अंगाच्या रंगाची घ्या, ती दिसत नाही. आणि दुपारी गाडीवर जायचं असेल तर स्लीव्हलेसपेक्षा सैल पूर्ण बाही खरंच जास्त गार वाटते, हाताला ऊन थेट लागत नाही.

मलमलचं कापड अजून त्या टेलरकडेच आहे. काल वळीव पडला. शनिवारी जाऊन शिवलेलं असो नसो, मी ते घेऊन येणार आहे आणि भिजवून काकूंना देणार आहे.