सहाचा चहा

पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या १८९० सालच्या चहावरून पुण्यात केवढं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, झालं! टिळक, रानडेही त्यात सापडले. त्याच गुरुवार पेठेत मी राहते, आणि माझंही घोडं चहापाशीच पेंड खात होतं. फक्त माझा चहा खराडीतला, ऑफिस सुटल्यावरचा, एका सहकाऱ्याबरोबरचा.

घडलं काहीच नव्हतं. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट फिरती. आमचं बोलणं म्हणजे ‘गॅस बुक केलास का’ एवढंच. हा माणूस मात्र ऐकायचा. हळूहळू दुपारपासूनच मनात जुळवाजुळव व्हायला लागली, आज सहाला काय काय सांगायचं. सकाळी ड्रेस निवडतानासुद्धा. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जाताना पाय जड व्हायचे. प्रार्थना चालू होती, चहाही चालू होता.

शेवटी महिला मंडळातल्या एका आंटींना सांगितलं. त्यांनी डोळे वटारले नाहीत की उपदेश केला नाही. विचारलं, “किती वाजता? घरी कशी येतेस?”

“त्याच्या बाईकवर, पुणे स्टेशनपर्यंत.”

“मग आधी ते बंद.”

नंतर त्यांनी बायबलमधल्या उत्पत्तीचा ३९ वा अध्याय उघडला. मालक पोटीफराची बायको योसेफाच्या मागे लागली, तेव्हा तो तिच्या हाती वस्त्र टाकून पळाला, हे संडे स्कूलपासून पाठ. आंटींनी बोट ठेवलं ते दहाव्या वचनावर. ती रोज बोलत असे आणि हा तिच्याजवळ थांबतही नसे. “पळणं शेवटच्या दिवशीचं गं. त्याआधीचं हे रोजचं टाळणं बघ.”

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, तोंडावर आला होता. आमच्याकडे या चाळीस दिवसांत बरेच जण मटण सोडतात. मी सहाचा चहा सोडला. रिक्षाने रामवाडी, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडई. उपासाचं निमित्त सोयीचं होतं, पण ईस्टरनंतर काय? त्याला खरं सांगायचं ठरवलं, तेव्हा आंटींनीच अडवलं. “तुझ्याकडे ओढ वाटते, असं काही बोलू नकोस हं. ती नवीन गाठ होते. एवढंच म्हण, आता मी सरळ घरी जाणार.” तेवढंच म्हटलं. तो “बरं” म्हणाला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? त्याने थोडा आग्रह करायला हवा होता असं वाटलं.

नवऱ्याला सांगणं जास्त अवघड होतं. तो सेकंड शिफ्टहून आला होता, डबा घासत होता. ऐकून घेतलं, नळ बंद केला आणि विचारलं, “चहाचे पैसे कोण द्यायचं?”

“कधी तो, कधी मी.”

“हं.”

दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. तिसऱ्या दिवशी त्याने जेवणाच्या सुट्टीत फोन केला, बोलायला विषय नसताना. शिफ्ट काही बदलली नाही. ती आमच्या हातात नाही. पण आता झोपण्याआधी, निम्मे झोपेत का होईना, स्तोत्र ८६ मधली एक ओळ दोघं मिळून म्हणतो, ‘माझे चित्त एकाग्र कर’. ‘कर’ आहे म्हणून बरं. माझ्याच्याने ते होत नव्हतंच.

मेट्रोत बसले की अजूनही एखादी गंमत त्याला सांगावीशी वाटते. हल्ली ती नवऱ्याला लिहून पाठवते. तो नुसता अंगठा पाठवतो. ते मला आवडत नाही, हेही सांगून झालंय.