ओटची सोंगणी: दुसऱ्या हंगामाची नोंद

आयर्लंडमधील गॉलवे परगण्यातील आमच्या घरामागे यंदाही गुंठाभर ओट होता. गेल्या वर्षी तेवढाच तुकडा दातेरी विळ्याने सोंगायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. यंदा उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचा लांब दांड्याचा विळा, म्हणजे आयरिश भाषेतील ‘स्प्याल’, हाती घेतला आणि कापणी तासाभरात आटोपली. माझे पाते ऑस्ट्रियन धाटणीचे असल्याने आदल्या दिवशी हातोडीने थंडच ठोकून त्याची कड पातळ केली होती आणि कापताना दर पाच मिनिटांनी दगड फिरवत होतो. दाणे झडू नयेत म्हणून ताटांत किंचित हिरवेपणा असतानाच कापणी धरली.

हा वेग मात्र फसवा निघाला. विळ्याने कापताना मूठ डाव्या हातातच येते आणि लोंब्या आपोआप एका बाजूला राहतात. स्प्यालने पीक आडवे पडते, त्यामुळे ते गोळा करून, लोंब्या जुळवून, ओटच्याच काडाचा पिळा घालून पेंढ्या बांधण्यात माझे चार तास गेले. 19व्या शतकात आयर्लंडमध्ये धान्यासाठी स्प्याल रुळली, तेव्हा कापणाऱ्याच्या मागे वेचणारे आणि बांधणारे हात लागत, ते का, हे कंबरेने चांगलेच समजावले. हे हात ‘मेहल’मधून मिळत. मेहल बरीचशी आपल्या सावडीसारखी: मजुरी नाही, आज तुमच्या शेतात तर उद्या माझ्या, जेवू घालण्याची रीत मात्र इर्जिकीची.

पेंढ्या सहा-सहाच्या गटाने एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आहेत. समुद्राकडून येणाऱ्या पावसात आडव्या पेंढीला कोंब फुटतात, हा धडा गेल्या वर्षी मिळाला होता.

शेवटचा झुबका मुद्दाम राखला होता. त्याला ‘काल्यख’, म्हणजे म्हातारी, म्हणत. काही भागांत त्याची वेणी घालून लांबून विळे फेकून तो तोडत आणि घरात टांगत. मीही जुना विळा फेकून पाहिला. तिसऱ्या फेकीत तो दगडी कुंपणावर आदळून त्याचे दोन दात गेले, तेव्हा म्हातारीला जवळ जाऊन मुकाट्याने हातानेच कापले.