जपानमधलं फुकट घर आणि त्याखालची जमीन

जपानच्या खेड्यात घर जवळजवळ फुकट मिळतं, असे व्हिडिओ फिरायला लागले की गावाकडून हमखास फोन येतो: "एखादं घेऊन टाक की!" घेता येतं, हे खरं. परदेशी माणसाला इथे जमीन घ्यायला नागरिकत्व लागत नाही आणि मिळते ती कायमची मालकी. फक्त घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही.

खरी गोम पुढे आहे. जपानी कायद्यात जमीन आणि तिच्यावरचं घर या दोन स्वतंत्र मिळकती. नोंद वेगळी, उतारा वेगळा, मालकसुद्धा वेगळे असू शकतात. होमुक्योकु या नोंदणी कार्यालयात ६०० येन भरून उतारा कोणीही काढू शकतो. मालक कोण, गहाण कुणाकडे, सगळं त्यात दिसतं. पण आपल्या सातबाऱ्यासारखाच तोही मालकीचा अंतिम पुरावा नाही. म्हणून खरेदीच्या वेळी शिहो-शोशी, म्हणजे नोंदणीची कामं करणारा परवानाधारक, कागद आणि माणसं दोन्ही तपासून घेतो.

लाकडी घराचं आयुष्य करखात्याच्या हिशेबात २२ वर्षं. बाजारातही वीस-पंचवीस वर्षांत घराची किंमत शून्यावर येते, उरते ती जमिनीची. मग पडकं घर पाडत का नाहीत? कारण कर. घर उभं असेल तर २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवर मालमत्ता कर मूल्यांकनाच्या एक षष्ठांशावरच लागतो. घर पाडलं की सवलत गेली, वर पाडण्याचा खर्च आपल्याच खिशातून. २०२३ च्या पाहणीत देशात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, त्यामागे हेही एक कारण आहे. आता देखभाल न केलेल्या घरांची सवलत पालिका काढून घेऊ शकते.

स्वस्त घर दिसलं की मी आधी रस्ता बघायला सांगते. नियोजन क्षेत्रात प्लॉट किमान ४ मीटर रुंद रस्त्याला २ मीटर तरी लागून नसेल, तर जुनं घर पाडल्यावर तिथे सहसा नवीन बांधता येत नाही. अशी घरं उगाच स्वस्त नसतात!

वारसांनीही नावं लावायचा कंटाळा केल्यामुळे देशात मालकच सापडत नाही अशी जमीन अफाट आहे. म्हणून १ एप्रिल २०२४ पासून वारसा कळल्यापासून ३ वर्षांत नोंद सक्तीची झाली. विनाकारण टाळलं तर १ लाख येनपर्यंत दंड. जुन्या वारशांनाही हा नियम लागू आहे. वारशात आलेली जमीन नकोच असेल तर २०२३ पासून ती सरकारला देता येते. पण सरकार फुकटात घेत नाही: साधारण २ लाख येन आपणच भरायचे, आणि जमिनीवर घर असेल तर अर्जच चालत नाही, आधी ते पाडून द्यायचं.