आप्पांच्या ट्रंकेतलं कार्ड

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

पावसानं आज उसंत घेतली म्हणून आप्पांची ट्रंक उन्हात काढली. काळी, लोखंडी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. नाव निम्मं गंजानं खाल्लंय. गुडघ्यांमुळे आप्पांना वाकवत नाही, ते खुर्चीतून हुकूम सोडत होते आणि मी उपसत होते. डांबराच्या गोळ्या, जर्सी, पट्टा, आणि पेन्शनच्या कागदांत अडकलेलं एक कार्ड. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. हिंदीत छापलंय, अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत जवानानं कसं वागायचं ते. एका बाजूला काय करायचं, दुसऱ्या बाजूला काय करायचं नाही.

भाचा तेवढ्यात राजहंसगड चढून-उतरून आला. भरतीची तयारी चाललीय त्याची, रोज पहाटे पळतो. कार्ड उलटंपालटं करून हसला. "आज्जा, अतिरेक्यास्नी कसले नियम वो? तेंनी पाळूलेत काय?"

आप्पा गप्प. मला म्हणाले, "चहा टाक."

प्रश्न काही नवा नाही. पहलगामला २६ माणसं मारली गेली तेव्हा आमच्या कोर्टाच्या बाररूममध्येही हाच सूर होता. वकीलच सगळे, पण सूर हाच. आणि त्याच बाररूममध्ये २०१९च्या फेब्रुवारीत हवाई दलाचा वैमानिक अभिनंदन पाकिस्तानच्या हाती लागला तेव्हा जो तो जिनिव्हा कराराचं, म्हणजे युद्धात माणसांना कसं वागवायचं त्या आंतरराष्ट्रीय नियमांचं, कलम सांगत होता! मीही सांगत होते. १ मार्चला तो वाघा सीमेवरून आला आणि करार पुन्हा कपाटात गेला.

भाच्याचं निम्मं बरोबर आहे, हे आधी लिहून ठेवते. अभिनंदन गणवेशातला सैनिक, म्हणून तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैदी. लोकांत मिसळून पर्यटकांवर गोळ्या झाडणाऱ्याला हा मान नाही. सैनिकानं लढाईत शत्रूचा सैनिक मारला तर तो खून ठरत नाही. अतिरेक्यानं मारलं तर तो खूनच, आणि खटलाही खुनाचाच. इथवर कायदा भाच्याच्या बाजूनं.

पण १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरं कलम जवळजवळ शब्दाला शब्द एकच आहे, आणि ते गणवेश विचारत नाही. दोन देशांमधलं युद्ध नसलेल्या सशस्त्र संघर्षासाठी ते लिहिलंय. ज्यानं शस्त्र खाली ठेवलं, जो जखमी होऊन पडला, जो हाती लागला, त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, त्याची विटंबना करायची नाही, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा द्यायची नाही. जखमींना उचलायचं, औषधपाणी करायचं. बस्स. मान नाही, सवलत नाही. ह्याच्या खाली जायचं नाही, एवढंच.

खरी चलाखी सरकारं करतात. अमेरिकेनं अतिरेक्यांशी चाललेल्या लढ्याला युद्ध म्हटलं आणि २००२ साली अल कायदाच्या कैद्यांना जिनिव्हा लागू नाही असंही ठरवून टाकलं. मारताना युद्ध, धरल्यावर मात्र युद्धाचे नियम नाहीत. तिसरं कलम त्यांनाही लागू होतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं. ओसामा बिन लादेनच्या ड्रायव्हरचा खटला होता तो.

आपल्याकडे उलटं. आपण ह्याला युद्ध म्हणतच नाही, गुन्हा म्हणतो. जिनिव्हा करारांचा कायदा आपल्याकडे १९६० सालचा आहे, पण देशातल्या संघर्षांबद्दलच्या १९७७च्या जादा करारावर आपण सही केलेली नाही. गुन्हा म्हणण्याचा फायदा कसाबच्या खटल्यात दिसला. तुकाराम ओंबळेंनी मरेपर्यंत त्याची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. आरोप देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, पण वकील मिळाला, अपील झालं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी. तोट्याची बाजू म्हणजे अशांत भागांत लष्कराला जादा अधिकार देणारा १९५८चा विशेषाधिकार कायदा. त्याखाली केलेल्या कारवाईबद्दल केंद्राच्या मंजुरीशिवाय जवानावर खटलाच उभा राहत नाही. हा माझा जुना आक्षेप. आप्पांसमोर काढला की घरात दोन दिवस अबोला, म्हणून आज काढला नाही.

ते कार्ड मात्र दिखाऊ नव्हतं. लष्कराची ही 'करा-करू नका'ची यादी जवानांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली सांगितलं. पकडल्यावर, पळत नसेल तर, बळ वापरायचं नाही. लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचं.

जेवणं झाल्यावर आप्पा आपणहून बोलले. कुपवाड्याकडची गोष्ट, सफरचंदाची बाग. सकाळी त्यांच्या सेक्शनमधलं एक पोर गेलं होतं, चंदगडकडचं. दुपारी बागेत एक जण मांडीत गोळी लागून पडलेला सापडला. बंदूक हातापासून लांब. पाणी मागत होता.

"मग?" भाचा.

"पट्टी बांधली. बाटली लावली तोंडाला."

"दया आली व्हय?"

"दया कसली! हात थरथरत होते रागानं. निम्मं पाणी त्याच्या मानेवर सांडलं." थोडं थांबून म्हणाले, "मागं साहेब न्हवता. कोण बघत न्हवतं."

तो जगला का, ते आप्पांना ठाऊक नाही. पोलिसांच्या ताब्यात दिला आणि ते उतरले.

भाच्यानं कार्डाचा मोबाईलवर फोटो काढला. कन्नड माध्यमात शिकलेलं पोर, मोठ्यानं वाचताना हिंदीला अडखळत होतं. 'न्यूनतम बल' पाशी गाडी थांबली. दोनदा 'नूतन' म्हणाला.

आप्पांनी चष्मा लावलेला नव्हता. डोळे मिटूनच म्हणाले, "कमीत कमी. पुढं वाच."