तुम्ही विचारलंत म्हणून: आजीच्या डब्यातला रुपया खरा आहे का?

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. लक्ष्मीपूजनासाठी देवघराच्या खणातून राणीछाप रुपये बाहेर निघतात, कुणीतरी त्यांचे फोटो काढून मला पाठवतं आणि खाली लिहितं, "काका, किती येतील? आणि खरे आहेत ना?" प्रश्नांचा क्रम बहुतेक वेळा हाच असतो. फोटोवरून मी दोन्हींचं उत्तर देत नाही. रुपया हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतल्यावरही राणीचा चेहरा मी सगळ्यात शेवटी बघतो.

आधी काटा. 1835 साली कंपनी सरकारने जो एकसारखा रुपया सुरू केला तो एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा. बारा भागांतले अकरा भाग चांदी. हातोहात फिरून झिजलेला रुपया 11.4 भरला तर काळजी नाही. 11.9 भरला तर मात्र मी सावध होतो. रुपया झिजतो, बाळसं धरत नाही.

मग पाणी. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर वाटीभर पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरून ठेवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर 1.13 च्या आसपास आकडा यायला हवा. रुपयाच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की 10.3 येतं, ती या चांदीची घनता. जर्मन सिल्व्हरचा (नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त) रुपया इथेच पकडला जातो, त्याचा आकडा 1.3 च्या पुढे जातो. एक मात्र लक्षात ठेवा: 1940 ते 1945 च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यांची घनता कमीच येणार. उगाच आजोबांवर संशय घेऊ नका.

लोहचुंबक लावून "चिकटत नाही, म्हणजे चांदी" म्हणणारे फार भेटतात. पितळही चिकटत नाही. आणि रुपया फरशीवर आपटून आवाज ऐकणाऱ्यांना तर मी हात जोडतो. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी द्या, खणखणीत वाजतो की बद्द ते तेवढ्यानंही कळतं. बद्द वाजला तरी लगेच खोटा ठरवू नका. रुपयांच्या माळेतला असेल तर कडी काढलेल्या जागी सोनाराचा डाग, म्हणजे जोडायला वापरलेला धातू, राहतो, आणि डाग लागलेला खरा रुपयाही बद्द वाजतो.

चांदी खरी निघाली म्हणजे रुपया खरा, असंही नाही. चांदीचेच खोटे रुपये पाडणारे आहेत. म्हणून कड बघायची. ओतीव नाण्याच्या कडेचे दाते मध्येच बुजलेले असतात, कधी साच्याच्या जोडाची रेघ सापडते, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. ठशाने पाडलेला खोटा याहून चांगला असतो. एकदा एकाच माणसाकडून आलेले दोन रुपये मी शेजारी ठेवले. दोन्हींवर राणीच्या गालाखाली, त्याच जागी, तोच बारीक खड्डा. झिजताना दोन रुपयांना एकच जखम कशी होईल? मूळ नाण्यावरचा खड्डा ठशात उतरला होता.

पेशवाईतल्या अंकुशी रुपयाला यातलं बरंचसं लागू नाही. तो हाताने पाडलेला, जाड, कडेला दाते नाहीत, ठसा नाण्यापेक्षा मोठा म्हणून अक्षरं अर्धवट. वर सराफांनी तपासताना मारलेल्या खुणा. तेव्हा एका टांकसाळीचा रुपया दुसरीकडे चालवताना सराफ बट्टा कापून घ्यायचे. आपण नावाला लावतो तो बट्टा हाच. आणि एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818 साल असलेलं 'नाणं' कुणी दाखवलं तर काटा काढायचीही गरज नाही. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही.

आता दर्जा. फाइन, व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), यूएनसी (न वापरलेला) हे शब्द ऐकून लोक बिचकतात. बघायचं एवढंच, की उंच भाग किती झिजलेत. राणीच्या रुपयावर गाल आणि कपाळावरचे केस. पंचम जॉर्जच्या रुपयावर झग्यावरच्या साखळीतला हत्ती. 1911 च्या रुपयावर या हत्तीची सोंड अशी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, रुपये परत घेतले आणि 1912 पासून हत्ती सुधारला. आजही "माझ्याकडे डुकराचा रुपया आहे" असे फोन येतात. साल विचारलं की 1919. हत्तीच आहे हो तो, सोंड झिजलीय.

सालावरून आठवलं. घरोघरी 1862 चेच रुपये का सापडतात? कारण त्यानंतर बारा वर्षं, 1874 पर्यंत, रुपयावर 1862 च छापत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने वर्षाची खूण म्हणून बारीक ठिपके वाढवत नेले. भिंगाने ते ठिपके मोजण्यात माझ्या कित्येक रविवार-दुपारी गेल्यात.

आणि घासू नका. न वापरलेला रुपया तिरक्या उजेडात हलवला की त्यावर प्रकाश पवनचक्कीच्या पात्यांसारखा फिरतो. चिंच-रांगोळीने घासलेला रुपया नुसता ताटासारखा चकाकतो, आणि भिंगाखाली एकाच दिशेचे हजार ओरखडे दिसतात. लहानपणी दर दिवाळीला आमच्या घरचे सात रुपये घासायचं काम माझ्याकडे होतं. मी ते फार मन लावून केलं. आज त्यांना चांदीचा भाव येईल, त्याच्या वर छदाम नाही.

माझी पारख कितपत, तेही सांगतो. 1939 चा रुपया अतिशय दुर्मिळ. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मला तो 'स्वस्तात' मिळाला. वजन बरोबर, घनता बरोबर, कड सुरेख. घरी येऊन दहापटीच्या भिंगाखाली धरला तेव्हा शेवटच्या नवाच्या डावीकडची जमीन, म्हणजे आकड्याभोवतीचा सपाट भाग, जराशी खोलगट आणि जास्तच चकचकीत दिसली. 1938 च्या आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू कुणीतरी सुईने खरवडून काढली होती. सगळं तपासलं, आणि ज्या आकड्यासाठी पैसे मोजले तेवढाच नीट बघितला नव्हता.

तो रुपया मी विकलेला नाही. कुणी नवा शिकाऊ घरी आला की चहा येईपर्यंत तोच त्याच्या हातात देतो आणि काही न बोलता भिंग पुढे सरकवतो. आतापर्यंत चार जणांनी भिंगाला हात न लावताच म्हटलंय, "अरे वा, एकोणचाळीस!"